बुद्धिबळातील हत्तींच्या एंडगेमचा (डावाच्या अखेरच्या टप्प्याचा) सराव कसा करून घ्यावा? नाशिककरांकडून मदत हवी आहे

नमस्कार. आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीने २०२३ मध्ये ग्रँड स्विस ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकल्यापासून माझ्या मुलीने बुद्धिबळ फार मनावर घेतले आहे. मधला डावही ती धीटपणे खेळते. मात्र पटावर एकेक हत्ती आणि थोडी प्यादी उरली, की प्यादी राखण्याच्या नादात तिचा हत्ती बचावात अडकून पडतो आणि हातातला डाव निसटतो.

म्हणून मी तिच्यासमोर माजी जगज्जेता कापाब्लांकाचा टार्टाकोव्हरविरुद्धचा १९२४ चा न्यूयॉर्कमधील डाव मांडला. त्यात पांढरा हत्ती सातव्या रांगेतून काळ्या राजाला कोंडून धरतो आणि कापाब्लांका शह सोसत दोन प्यादी देऊन आपला राजा थेट एफ६ घरात नेतो. राजाची ताकद दाखवणारा याहून सुंदर डाव मला ठाऊक नाही, परंतु पाहताना पटलेले तिच्या खेळात अजून उतरत नाही.

लुसेना (जिंकण्याची) आणि फिलिडोर (बरोबरी राखण्याची) या हत्तींच्या एंडगेममधील पायाभूत स्थिती आधी घोटून घ्याव्यात, की असे डाव मध्यापासून घड्याळ लावून खेळवावेत? गंगापूर रोड किंवा कॉलेज रोड परिसरात एंडगेमचा समोरासमोर सराव करून घेणारे प्रशिक्षक कोणाच्या माहितीत असल्यास कृपया कळवावे.