‘हरवलेली विमाने’ की ‘गमावलेली विमाने’? (आणि पडले, पाडले, पाडाव)

शाईपेन
एका दिवाळी अंकासाठी १९६५, १९७१ आणि कारगिल या तीन युद्धांतल्या हवाई लढायांवरचा इंग्रजी लेख मराठीत आणते आहे. लेखाच्या शेवटी भारतीय हवाई दलाची जी विमानं गेली त्यांची लांबलचक यादी आहे. तारीख, विमानाचा प्रकार, वैमानिकाचं काय झालं आणि विमान कशामुळे गेलं, असे रकाने आहेत. यादीला मी ‘गमावलेली विमाने’ असं शीर्षक दिलं होतं. संपादकांनी ते खोडून ‘हरवलेली विमाने’ केलं आणि समासात लिहिलं, ‘गमावतात ते जुगारात.’

मला ‘हरवलेली’ वाचलं की बसमध्ये राहिलेली छत्री आठवते. कालपासून या एका शब्दापाशी अडकून बसले आहे. दुसरी अडचण शेवटच्या रकान्याची. लढाईत गेलं, अपघातात गेलं, जमिनीवर उभं असताना जळलं, नुसतंच परतलं नाही, असे सगळे प्रकार एकाच यादीत आहेत. प्रत्येकाला एकेक नेमका शब्द हवा आहे. रकाना अरुंद आहे, वाक्यं मावत नाहीत.

बखरवाला
तुमचं बरोबर, संपादकांचं चूक. ‘गमावणे’ म्हणजे गम् धातूचं प्रयोजक रूप, जाऊ देणं. पोटचा मुलगा गमावला, संधी गमावली, राज्य गमावलं, हे सगळं मराठी आहे, यात जुगार कुठे आला?

उलट ‘हरवणे’ इथे धोक्याचं. त्याचे दोन अर्थ आहेत. वस्तू हरवली म्हणजे सापडत नाही, आणि शत्रूला हरवलं म्हणजे पराभूत केलं. युद्धाच्या लेखात ‘हरवलेली विमाने’ म्हटलं की वाचणारा क्षणभर अडखळणारच, कोणी कोणाला हरवलं?

जुन्या मराठीत ‘हरपणे’ होतं. पानिपतानंतरचं सावकारी पत्र सगळ्यांनी शाळेत वाचलेलं आहे. दोन मोत्यें गळाली, मोहरा हरपल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. युद्धातल्या हानीवर मराठीत याहून मोठं वाक्य मला माहीत नाही.

रानजाई
बखरवाला, आमच्या घरी ते ‘मोत्यें गळाली आणि मोहरा हरवल्या’ असं म्हणायचे. ‘हरपल्या’ मी पहिल्यांदाच ऐकते आहे. कुठला पाठ तुमचा?

बखरवाला
त्या पत्राचे छापील पाठ एकसारखे नाहीत. मोहरांच्या आकड्यातही फरक दिसतो. माझ्या कानात ‘हरपल्या’ बसलंय. पण ‘हरवल्या’ असलं तरी तिथे तो सांकेतिक हिशेब आहे, मोत्यें म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. हिशेबात मोहर हरवते. इथे संकेत नाही, इथे खरंच विमान आहे.

निवृत्त_एअरमन
एकवीस वर्षं हवाई दलात होतो, फ्लाइट लाइनवर. आमच्यात ‘हरवलं’ कोणी म्हणत नसे, ‘गमावलं’ही नाही. म्हणायचे, ‘आलं नाही.’

१९९९ च्या मे महिन्यात मी पश्चिमेकडच्या एका तळावर होतो. विमान गेलं की आम्ही त्याची जागा रिकामी ठेवायचो. चाकांना लावायचे ठोकळे दोन्ही बाजूंना मांडलेले, शिडी तयार, आणि एक जण घड्याळाकडे बघत. इंधन किती वेळ पुरणार हे प्रत्येकाला पाठ असतं. ती वेळ टळली की कोणी काही बोलत नाही. शिडी मात्र लगेच हलवत नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर एकदाच तसं झालं. ती शिडी संध्याकाळपर्यंत तिथेच होती. शेवटी एका सार्जंटने ती स्वतः उचलून नेली, आम्हाला हात लावू दिला नाही.

म्हणून सांगतो ताई, रकान्यात ‘परतले नाही’ लिहा. खरा शब्द तोच.

शाईपेन
काका, हे लिहिल्याबद्दल आभार. ‘परतले नाही’ घेते. पण ते ज्यांचं काय झालं हे त्या वेळी कळलं नाही, त्यांनाच लागू होईल ना? यादीतल्या बहुतेकांचं कळलेलं आहे.

आता खरा तिढा सांगते. २७ मे १९९९ च्या दोन ओळी एकाखाली एक आहेत. पहिली फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ ची. रॉकेटं डागल्यावर इंजिन बंद पडलं, ते बाहेर पडले, पकडले गेले आणि ३ जूनला सुटले. दुसरी स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांच्या मिग-२१ ची. ते नचिकेतांचा माग काढायला मागे थांबले आणि खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने त्यांचं विमान गेलं. आहुजा परत आले नाहीत, त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळालं. भारताच्या म्हणण्याप्रमाणे पहिलं ‘पडले’ आणि दुसरं ‘पाडले’. पाकिस्तानने दोन्ही ‘पाडले’ म्हणून सांगितलं. मराठीत एका कान्याचा फरक! मुद्रणदोषात तो काना इकडचा तिकडे झाला तर बाजूच बदलते.

ओझरकर
तो काना आमच्या घरात फार जपला जायचा. वडील नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात होते. तिथे आधी मिग-२१ आणि पुढे मिग-२७ तयार व्हायची. रेडिओवर ‘विमान कोसळले’ आलं की ते म्हणायचे, कोसळते ती भिंत, दरड, नाहीतर पाऊस. जे उभं आहे किंवा साठलेलं आहे ते कोसळतं. विमान उडत असतं, ते पडतं. मग विचारायचे, ‘पडलं की पाडलं?’ आणि त्याच्याही आधी, ‘पायलट?’

माझी आजी सिन्नरकडची, ती ‘इमान पडलं’ म्हणायची. लहानपणी मला वाटे, आजी इमानाबद्दल, सचोटीबद्दल बोलते आहे.

नचिकेतांच्या ओळीसाठी एक सुचवतो. ‘इंजिन बंद पडले’ हे स्कूटरला ठीक. फ्लेमआऊट म्हणजे आतली ज्योत जाते. उंचावर हवा विरळ, त्यात रॉकेटचे गरम वायू इंजिनाने ओढून घेतले की ज्वलन तुटतं. वडील सरळ म्हणायचे, ‘इंजिन विझलं.’ दोन शब्दांत काम होतं, तुमच्या अरुंद रकान्यातही मावेल.

रानजाई
‘इंजिन विझले’ फारच छान! दिवा विझतो, चूल विझते, तसं. हा शब्द वापराच.

बखरवाला
आता माझा आवडता मुद्दा. तुमच्या यादीत ३ सप्टेंबर १९६५ ची नॅट या छोट्या लढाऊ विमानाची ओळ असेल. स्क्वाड्रन लीडर सिकंद यांचं नॅट पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं. ते धड होतं. त्याला कोणी पाडलं नाही, ते पडलं नाही, जळलं नाही. सिकंद युद्धकैदी झाले आणि ते विमान आजही कराचीच्या हवाई दल संग्रहालयात उभं आहे. भारताच्या दृष्टीने मात्र ते गेलंच. याला काय लिहिणार?

मराठ्यांच्या कागदपत्रांत याला तयार शब्द आहे, ‘पाडाव’. गलबतं पाडाव केली, घोडी पाडाव आली, हत्ती पाडाव झाला. म्हणजे शत्रूच्या हाती लागलं, जिवंत आणि धड. लढाईनंतरच्या पत्रांत हा शब्द जागोजागी येतो. पसरूरचं नॅट ‘पाडाव झाले’. दुसरा शब्द शोधायची गरजच नाही.

रानजाई
नाही हो. आज ‘पाडाव’ म्हणजे पराभव, ‘शत्रूचा पाडाव केला’. शिवाय ज्या यादीत ‘पाडले’ दहा वेळा येतं, तिथे ‘पाडाव झाले’ वाचून माणूस ‘पाडले’ असाच अर्थ घेणार. तुमच्या शब्दाने नेमका उलटा अर्थ पोहोचेल. ‘शत्रूच्या हाती’ असं साधं लिहा.

बखरवाला
वाचणारा चुकतो म्हणून शब्द टाकत गेलो तर एक दिवस जुनं एकही पत्र कोणाला वाचता येणार नाही. वापरल्याशिवाय शब्द परत कसा येईल? एक तळटीप द्या.

रानजाई
यादीत तळटीप? ज्याच्या घरातलं कोणी त्या यादीत आहे त्याने आधी तळटीप वाचायची का?

शुद्धमती
पाडाव राहू द्या. मला सगळ्यात खटकतं ते ‘दुर्घटनाग्रस्त’. हिंदी बातम्यांमधून आलेला शब्द. मराठीत अपघात आहे, घातपात आहे. ‘अपघात की घातपात’ असा प्रश्न विचारता येतो, इतके ते एकमेकांचे सख्खे आहेत. आणि कृपा करून वैमानिकांच्या रकान्यात ‘शहीद’ लिहू नका. सावरकरांनी ‘हुतात्मा’ दिलेला असताना अरबी शब्द कशाला? लढाईत पडलेल्यांसाठी ‘धारातीर्थी’ही आहे.

ओझरकर
धारा म्हणजे तलवारीची धार. मिग-२१ मध्ये धार कुठली?

शुद्धमती
रूपक आहे ते. आपण अजूनही ‘शस्त्र खाली ठेवलं’ म्हणतोच.

निवृत्त_एअरमन
गावाकडे स्मारकावर ‘शहीद’ही लिहितात आणि ‘हुतात्मा’ही. त्या आईबापांना दोन्ही आपलेच वाटतात. मी त्यावर भांडणार नाही.

पण एक सांगतो. सैन्याच्या कागदावर यातला एकही शब्द नसतो. तिथे बॅटल कॅज्युअल्टी आणि फिजिकल कॅज्युअल्टी असे दोन वर्ग आहेत. घरच्यांना निवृत्तिवेतन कुठल्या नियमाने मिळणार ते त्यावर ठरतं. युद्धक्षेत्रातले काही अपघातही पहिल्या वर्गात धरतात. त्यामुळे ‘लढाईत’ आणि ‘अपघातात’ ही जी रेघ ताई मारताहेत, ती कागदावर आपल्याला वाटते तिथे नसते. ती रेघ जपून मारा.

शाईपेन
हे मला माहीत नव्हतं. मग ‘अपघात’ हा शब्द लिहितानाही दोनदा विचार करायला हवा.

त्यातच आणखी एक. लेखाच्या प्रस्तावनेत २७ फेब्रुवारी २०१९ चं काश्मीरमधल्या बडगामचं एमआय-१७ हेलिकॉप्टर आहे. आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. आतले सहा जण आणि खाली एक नागरिक गेला. मोठी चूक झाली, असं पुढे हवाई दलप्रमुखांनीच सांगितलं. इंग्रजीत याला ‘फ्रेंडली फायर’ म्हणतात. मी शब्दाला शब्द ठेवून ‘मित्रांचा मारा’ लिहिलं आणि रात्री पुन्हा वाचताना स्वतःच खोडलं. त्या घरांमध्ये हा शब्द वाचला जाईल.

ओझरकर
‘आपल्याच माऱ्यात’. नवा शब्द घडवू नका. हे कोणालाही कळतं, आणि काही लपवतही नाही.

शुद्धमती
‘स्वपक्षीय मारा’ का नको? परिभाषेत बसेल.

ओझरकर
‘स्वपक्षीय’ म्हटलं की निवडणूक आठवते.

रानजाई
१९७१ मध्ये आम्ही दादरला होतो. खिडक्यांच्या काचांना काळा कागद, गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला. आजोबा रोज रात्री कंदिलाच्या वातीएवढ्या उजेडात डायरी लिहायचे. तिच्यात दोन रकाने, ‘आपली’ आणि ‘त्यांची’. आधी आकाशवाणी ऐकायचे, मग बीबीसी, आणि आकडे जुळले नाहीत की पेन्सिलीने खोडून पुन्हा लिहायचे. डायरी माझ्याकडे आहे. त्या पानांवर शाईचे आकडे कमी आणि खोडरबराचे डाग जास्त. डिसेंबरच्या एका पानावर तिसरा रकाना आखलाय, त्याला शीर्षक नाही. आत दोन रेघा. पाडलेली कोणती, पडलेली कोणती हे ज्यांचं कळलं नाही, त्यांच्या असणार.

५ डिसेंबरला फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं सुखोई-७ पाकिस्तानातल्या शोरकोटच्या हल्ल्यातून परत आलं नाही. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. १९७१ नंतर जे ५४ जण सापडले नाहीत त्यांच्या यादीत तांब्यांचं नाव आहे, आणि दमयंतीबाई पुढे कित्येक वर्षं शोध घेत राहिल्या. आपण ‘बेपत्ता’ म्हणतो, म्हणजे पत्ता नाही. विमानाला हे ‘बेपत्ता’ चालेल का, की फक्त माणसालाच?

निवृत्त_एअरमन
माणसालाच. विमान बेपत्ता आहे असं म्हटलं की ते कुठेतरी आहे असं वाटतं.

आणि कारण पुढे बदलूही शकतं. स्क्वाड्रन लीडर देवय्या यांचं मिस्टेअर विमान ७ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानातल्या सरगोध्यावरून परतलं नाही. नोंद एवढीच. कितीतरी वर्षांनी कळलं की त्यांनी तिथे पाकिस्तानचं एक स्टारफायटर विमान पाडलं होतं. महावीरचक्र १९८८ मध्ये मिळालं, तेवीस वर्षांनी. १९६५ चा रकाना आज तसाच ठेवणार का?

बखरवाला
म्हणजे शीर्षकात ‘गमावलेली’च हवं, कारण ते काळावर अवलंबून नाही. पण ‘पाडाव’ मी सोडलेला नाही, रानजाई.

रानजाई
ठाऊक आहे.

ओझरकर
शाईपेन, २१ मे १९९९ चं कॅनबेरा आहे का यादीत? टेहळणीवर असताना उजव्या इंजिनावर क्षेपणास्त्र लागलं, तरी श्रीनगरला सुखरूप उतरलं. ते ‘गमावलेलं’ नाही. आमच्याकडे म्हणायचे ‘जखमी होऊन आलं’.

शाईपेन
नाही, ते यादीत नाही. ‘जखमी’ लक्षात ठेवते.

आत्ताच मुद्रितशोधकांचा फोन आला. शीर्षक ‘गमावलेली’ असो वा ‘हरवलेली’, पुढचा शब्द ‘विमाने’ आहे ना? मग २८ मे १९९९ चं एमआय-१७ यादीत कसं? चार जण होते त्यात. हेलिकॉप्टर विमानात मोजायचं का, असं विचारताहेत. ‘गमावलेली विमाने व हेलिकॉप्टर’ एका ओळीत बसत नाही.

शुद्धमती
‘वायुयान’ घ्या. दोन्ही त्यात येतात.

निवृत्त_एअरमन
आम्ही दोन्हींना एअरक्राफ्टच म्हणायचो.