पन्हाळा ते रायगड

‘स्वराज्यरक्षक संभाजी’ मालिकेत मोगल सरदार दिलेरखानाचं प्रकरण आटोपशीर घेतलं असतं तरी चाललं असतं, असं काहींचं म्हणणं; ते नाही पटलं. थोर सेनानी पित्याच्या सावलीतला मुलगा कळायचा तर तेच वर्ष हवं. डिसेंबर १६७८मध्ये शंभूराजे मोगलांकडे गेले. १६७९मध्ये मराठ्यांचा भूपाळगड किल्ला पडला, तिथल्या कैद्यांचे हात दिलेरखानाने तोडवले. वर्ष सरता सरता शंभूराजे पन्हाळ्यावर परतले. पितापुत्रांची भेट झाली, पण महाराज रायगडी गेले आणि शंभूराजे पन्हाळ्यावरच राहिले. ३ एप्रिल १६८०ला महाराज गेले, तेव्हाही ते तिथेच! मालिकेचा खरा गाभा या अंतरात आहे.

शिवाय इथे संभाजी साकारणाऱ्या अमोल कोल्हे यांनी २००८च्या ‘राजा शिवछत्रपती’त महाराजच साकारले होते. अंगात मुरलेला बाप बाजूला सारून मुलगा उभा करणं फार कठीण.