आसियानच्या मानवाधिकार आयोगाला दात हवेत का?

बोरूबहाद्दर
आसियान म्हणजे आग्नेय आशियाई देशांची संघटना. तिच्या सनदेचं पहिलं कलम लोकशाही बळकट करू म्हणतं. दुसरं लगेच बजावतं की कुणाच्या अंतर्गत कारभारात नाक खुपसायचं नाही. विसाव्या कलमानुसार निर्णय एकमताने. सनदेचा गंभीर भंग झाला तर प्रकरण शिखर परिषदेकडे जातं, पण तिथेही एकमतच लागतं. म्हणजे आरोपीची मान डोलल्याशिवाय निकाल नाही.

२००९ साली आसियानचा मानवाधिकार आयोग आला. दर देशाचा एक प्रतिनिधी, मुदत ३ वर्षं, फेरनेमणूक एकदाच, आणि नेमणारं सरकार मुदतीआधीही त्याला घरी पाठवू शकतं. नागरिकाची तक्रार घेऊन चौकशी करायची तरतूद कार्यकक्षेत नाहीच. परिसंवाद मात्र भरपूर.

माझं मत सरळ आहे : एकमताची अट काढा, निलंबनाचं कलम घाला. होंडुरासमध्ये २८ जून २००९ ला लष्कराने राष्ट्राध्यक्षांना हाकललं, आणि ४ जुलैला अमेरिकी खंडांतल्या राष्ट्रसंघटनेने त्या देशाला निलंबित केलं. सहा दिवस लागले.

सुकाणू
सहा दिवसांत निलंबन, मान्य. पुढचं का सांगत नाही? पदच्युत राष्ट्राध्यक्ष सेलाया पुन्हा खुर्चीवर बसलेच नाहीत. नोव्हेंबरमधली निवडणूक बंडातून आलेल्या सरकारच्या अमलातच पार पडली, आणि होंडुरास २०११ मध्ये संघटनेत परतला.

पश्चिम आफ्रिकी देशांचा गट इकोवास तर त्याहून कडक वागला. २६ जुलै २०२३ ला नायजरमध्ये बंड झालं. सीमा बंद, आर्थिक व्यवहार गोठवले, नायजेरियाने वीज तोडली, वर फौज पाठवायची धमकी. परिणाम? माली, बुर्किना फासो आणि नायजर या तिघांनी जानेवारी २०२४ मध्ये सोडचिठ्ठी जाहीर केली, आणि २९ जानेवारी २०२५ पासून ते अधिकृतपणे बाहेर आहेत. झळ सामान्य माणसाला बसली, सेनापती जागच्या जागी. आसियानमध्ये राजेशाही आहे, एकपक्षीय राजवटी आहेत, गजबजलेल्या लोकशाह्याही आहेत. तिथे हा चाबूक उगारलात तर अर्धं घर रिकामं होईल.

तळटीप
दोघेही दोन गोष्टींची गल्लत करताय. दात वेगळे, हकालपट्टी वेगळी. इकोवासच्याच न्यायालयाचं उदाहरण घ्या. २००५ पासून तिथे नागरिक थेट दाद मागू शकतो, आधी देशातली कोर्टं पालथी घालायची अटही नाही. गुलामगिरीत ठेवलेल्या एका स्त्रीला संरक्षण दिलं नाही, म्हणून २००८ मध्ये याच न्यायालयाने नायजर सरकारला १ कोटी सीएफए फ्रँक भरपाई द्यायला लावली. निलंबनाने जे साधलं नाही ते तक्रारीच्या खिडकीने साधलं. तिघे बाहेर पडल्यावर त्यांच्या नागरिकांनी गमावलं ते नेमकं हेच.

आणि एकमताची अट दर वेळी आरोपीच्याच बाजूने पडते असंही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये आसियानचाच सदस्य असलेल्या म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रुनेई आसियानचा अध्यक्ष होता. म्यानमारच्या राजकीय प्रतिनिधीला शिखर परिषदेला बोलावण्यावर एकमत झालं नाही, म्हणून बिगरराजकीय प्रतिनिधी बोलवायचं ठरलं. बंड करणारे लष्करप्रमुख मिन आँग लाइंग यांची परिषदेतली खुर्ची एकमताच्या अभावानेच गेली. प्रश्न कसा मांडला जातो याला महत्त्व आहे : 'वगळायचं का?' असं विचारलं की एक नकार पुरतो, 'बोलवायचं का?' असं विचारलं तरीही एकच पुरतो.

बोरूबहाद्दर
युक्ती छान, पण खुर्ची गेली म्हणून गोळीबार थांबला का? म्यानमारबाबत आसियानने ठरवलेल्या एप्रिल २०२१ च्या पाच कलमी सहमतीत मुदत नाही, पाळली की मोडली हे मोजायचा निकष नाही, राजकीय कैद्यांची सुटकाही पाच कलमांत नाही. म्यानमारसाठीचा आसियानचा विशेष दूत अध्यक्ष देशाचा, आणि अध्यक्ष दरवर्षी बदलतो. नवा माणूस ओळखीपाळखीपासून सुरुवात करतो. जुलै २०२२ मध्ये तर त्या वर्षीच्या अध्यक्ष देशाच्या, कंबोडियाच्या पंतप्रधानांनी विनंती करूनही लष्कराने चार लोकशाहीवाद्यांना फाशी दिली.

सुकाणू
दुताच्या मुदतीबद्दल सहमत. किमान ३ वर्षांसाठी एकच माणूस हवा.

तळटीप
मग जे होण्याजोगं आहे तिथून सुरुवात करू. सनद बदलायला एकमत लागतं आणि वर प्रत्येक देशाची मंजुरी, ते विसरा. आयोगाची कार्यकक्षा मात्र परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीत बदलता येते. तिथे दोनच गोष्टी घुसवा : मुदतीआधी प्रतिनिधी काढायचा तर लेखी कारण जाहीर करावं, आणि आलेल्या प्रत्येक तक्रारीवर संबंधित सरकारकडून ठरावीक मुदतीत उत्तर मागवून ते वार्षिक अहवालात छापावं. आयोगाला सदस्य देशांकडून माहिती मागवण्याचा अधिकार आजही आहे, फक्त वापरायचा कसा हे लिहिलेलं नाही. प्रतिनिधीच्या निवडीला तर प्रादेशिक मंजुरीही नको. इंडोनेशिया आणि थायलंड यांनी खुली निवडप्रक्रिया आधीच राबवली आहे.

सुकाणू
छापील उत्तरात 'हा आमचा अंतर्गत मामला' एवढंच येईल. त्यापेक्षा देशोदेशीच्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगांना बळ द्या. फिलिपिन्सचा १९८७ पासून आहे, इंडोनेशियाचा १९९३ पासून. तक्रारी तेच घेतात, भाषाही त्यांना कळते.

बोरूबहाद्दर
आणि व्हिएतनाम, लाओस, ब्रुनेई? तिथे असा स्वतंत्र आयोगच नाही. तिथल्या माणसाने तक्रार कुठे टाकायची, तेवढं सांगा.