उन्हाळी संशोधन फेलोशिप: संशोधनाचा अनुभव नसताना अर्जात काय लिहावे?

प्रश्न (विद्यार्थिनी, राजापूर तालुका)

सर्वांना नमस्कार. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात असून प्राणिशास्त्र हा माझा मुख्य विषय आहे. बेंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून जी दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, तिच्यासाठी यंदा अर्ज करण्याचा माझा विचार आहे. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, महाविद्यालयात नेहमीच्या प्रात्यक्षिकांपलीकडे कोणताही प्रकल्प मी केलेला नाही, आणि अर्जासोबत आपल्याला संशोधन का करायचे आहे हे इंग्रजीत लिहून द्यावे लागते. मी पुढीलप्रमाणे सुरुवात केली आहे: ‘मला लहानपणापासून विज्ञानाची अत्यंत आवड असून संशोधनाच्या माध्यमातून समाजाची सेवा करावी अशी माझी इच्छा आहे.’ यापुढे काहीच सुचत नाही. आमच्या घरी खाडीवर जाणे-येणे आहे, माझी आत्या ओहोटीला तिसऱ्या (वाळूत राहणारे, शिंपल्यातले खाण्याचे जीव) काढून बाजारात विकते, परंतु ही गोष्ट अर्जात लिहिण्यासारखी आहे असे मला वाटत नाही. दुसरी अडचण पैशांची आहे. एप्रिल-मे म्हणजे घरी आंब्याची घाई असते आणि त्याच दिवसांत परगावी राहण्याचा खर्च मागणे मला कठीण वाटते. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (प्राध्यापिका, दापोली)

तुझे पहिले वाक्य खरे असेल, पण तेच वाक्य शेकडो अर्जांत असते आणि त्यावरून तू कोण आहेस हे कळत नाही. जी गोष्ट अर्जात लिहिण्यासारखी नाही असे तू म्हणतेस, नेमकी तीच लिहावी. आत्यासोबत खाडीत उतरल्यावर तुला काय दिसते? पूर्वी जिथे तिसऱ्या मिळत तिथे आजही मिळतात का, की रिकाम्या शिंपल्याच हाती लागतात? चिखल वाढला आहे का? पावसाळ्यात गोडे पाणी येऊन खारेपणा उतरतो, त्यानंतर लहान पिल्ले कोणत्या भागात आधी दिसू लागतात? या प्रश्नांची उत्तरे तुला आज ठाऊक नसली तरी चालेल. निवड करणारे प्रश्नच पाहतात, कारण दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून निष्कर्षांची अपेक्षा कोणी करीत नाही.

अर्ज साधारणपणे गणपती ते दिवाळीच्या सुमारास मागवले जातात, त्यामुळे तुझ्या हाती थोडा वेळ आहे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत दूर ओसरते. त्या दिवशी आत्यासोबत जाऊन अर्धा मीटर लांब आणि तेवढीच रुंद अशी काठ्यांची चौकट चार ठिकाणी टाक, आतली वाळू वीतभर खणून चाळ आणि मिळालेल्या प्रत्येक तिसरीची लांबी पट्टीने मोजून वहीत लिही. जागा, तारीख आणि ओहोटीची वेळ न विसरता नोंदव. असे तीन-चार वेळा केलेस तरी लिहिण्यासाठी तुझ्यापाशी स्वतःची अशी सामग्री होईल, आणि शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांनाही तुझ्याविषयी ठोस काही सांगता येईल. मी अनेक वर्षे अशी पत्रे लिहीत आले आहे. अंतिम मुदतीच्या आदल्या रात्री गुणपत्रक घेऊन येणाऱ्या मुलासाठी ‘हुशार आणि मेहनती’ यापलीकडे काही लिहिणे शक्य होत नाही, आणि ते पत्र पाठवताना मला वाईट वाटते. म्हणून वही घेऊन तुझ्या सरांना आजच भेट.

उत्तर २ (माजी फेलो, वेंगुर्ले)

मॅडमच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे. मीही मराठी माध्यमाचीच आहे. माझा मजकूर मी आधी मराठीत लिहिला, एका वाक्यात एकच गोष्ट ठेवली आणि मगच तो इंग्रजीत केला. भाषा साधी राहिली, परंतु निवडीच्या आड आली नाही.

पैशांबाबत सांगते. या फेलोशिपमध्ये विद्यावेतन मिळते, पण पहिल्या दिवशी हातात पडत नाही. पहिल्या महिन्याच्या जेवणाची आणि खोलीची तजवीज घरून करावी लागली, म्हणून मी वडिलांना फेब्रुवारीतच आकडा सांगून ठेवला होता. निवड झाल्यावर पहिल्याच पत्रात वसतिगृहाची सोय आहे का हे मार्गदर्शकांना विचारावे, आणि विद्यापीठाच्या परीक्षा मेपर्यंत लांबण्याची शक्यता असेल तर तेही त्याच वेळी कळवावे. माझ्या बाबतीत तारखा सहज पुढे सरकल्या.

तुला केंद्र सरकारची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती मिळत असेल तर तिच्या वर्षाच्या ८०,००० रुपयांपैकी २०,००० रुपये उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठीच असतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शिवाय एकाच अर्जावर विसंबू नये. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतील विद्यार्थ्यांसाठी २००४ पासून ‘नियस’ हा संशोधनाची ओळख करून देणारा उपक्रम चालतो. तुझा विषय खाडीचा असल्यामुळे गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचे काम आधी वाचून, त्यांपैकी एखाद्यांना नेमका प्रश्न विचारणारे छोटे पत्र पाठवावेस असेही मला वाटते.

प्रश्नकर्ती

मॅडम, ताई, मनापासून आभार. आत्याला विचारले, तेव्हा ती लगेच म्हणाली की बंधाऱ्याच्या अंगाला आता रिकाम्या शिंपल्याच निघतात, तिसऱ्यांसाठी तिला खाडीच्या मुखाकडे बरेच पुढे जावे लागते, आणि हे तिने कोणाला सांगितले नव्हते कारण कोणी विचारलेच नव्हते. येत्या अमावास्येला आम्ही दोघी जाणार आहोत. चौकट एक बंधाऱ्याजवळ आणि एक मुखाजवळ टाकावी, की चारही तिथून मुखापर्यंत एका ओळीत? आणि चाळणीचे छिद्र केवढे असावे?

उत्तर १ (प्राध्यापिका, दापोली)

चारही एका ओळीत, बंधाऱ्यापासून मुखाकडे, सारख्या अंतरावर. म्हणजे बदल कुठे सुरू होतो ते कळेल. छिद्र एक मिलिमीटरचे घे, त्याहून मोठ्या छिद्रातून यंदाची पिल्ले निसटतील. मोजून झाल्या की जिवंत तिसऱ्या त्याच जागी परत पेर.