रिमॅप केलेल्या डिझेल स्विफ्टला सिरॅमिक क्लच टाकावा का?

चाळीसगाव_डिझेल:
स्विफ्ट 1.3 डिझेल. कंपनीचा टॉर्क 190 न्यूटन मीटर, रिमॅपनंतर (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवल्यावर) 240 च्या आसपास. चौथ्या गिअरला 2000 आरपीएमवर पूर्ण रेस दिली की आरपीएम उडतात, स्पीड मात्र वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. वर्षातून एखादा ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर गाडी पळवायचा दिवस), बाकी रोजचं धुळे आणि कन्नड घाटातून संभाजीनगर. सिरॅमिक टाकू का?

धुळे_गिअरबॉक्स:
भाऊ, सिरॅमिक नको. ते एकदम पकडतं, हाफ क्लच जवळपास मिळतच नाही. घाटात ट्रकमागे इंच-इंच सरकताना गाडी थरथरेल, फ्लायव्हीलही (इंजिनचं जड चाक, ज्यावर क्लच प्लेट दाबली जाते) खाईल. तुझा क्लच ट्रॅकपेक्षा घाटातल्या जॅममध्येच जास्त तापणार.

हिशोब बघ. क्लचची क्षमता = 2 × घर्षणांक × प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग) दाब × सरासरी त्रिज्या. समजा घर्षणांक 0.28, दाब 5000 न्यूटन, त्रिज्या 0.085 मीटर: 238 न्यूटन मीटर. 190 ला भरपूर, 240 ला काठावर. प्लेट तापली की घसरणारच. दाब 25 टक्के वाढवला तर 297. म्हणजे ऑरगॅनिक प्लेट (कंपनीसारखी साधी, मऊ पकडणारी) आणि कडक प्रेशर प्लेट, एवढ्यात भागतं. मधे स्प्रिंग असलेलीच प्लेट घे. बिनस्प्रिंगची घेतलीस तर डिझेलचे सगळे धक्के थेट गिअरबॉक्सला.

यावल_रेस:
पार्ट मागवण्याआधी बेल हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीचं कव्हर) तेल आहे का बघा. क्रँकचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गळत असेल तर कितीही भारी क्लच टाका, घसरेल. पेडलला फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी हालचाल) नसेल तरी हेच होतं.

चाळीसगाव_डिझेल:
पेडल किती जड होईल? फ्लायव्हील लेथवर द्यायचं का?

धुळे_गिअरबॉक्स:
जड होणारच, पायाला जाणवेल. रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) नवीनच टाक. जुन्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणं परवडत नाही.

लेथवर द्यायच्या आधी फ्लायव्हील एकसंध आहे की ड्युअल मास (मधे स्प्रिंग असलेलं, दोन भागांचं) ते बघ. ड्युअल मासला लेथ लावू नको. दोन भागांत ढिलाई असेल तर बदल. एकसंधावर निळे डाग, बारीक तडे नसतील तर हलकं फेसिंग (लेथवर पृष्ठ सपाट करणं) पुरे. खाचेचं (प्लेटची आणि क्लच कव्हरची जागा वेगवेगळ्या पातळीवर) असेल तर दोन्ही पृष्ठं सारखीच काढायला सांग, नाहीतर दाब बदलतो.

स्प्लाइनला (शाफ्टवरचे दाते, ज्यावर प्लेट सरकते) ग्रीसचा अगदी पातळ थर. उडून प्लेटवर गेलं की प्लेट गेली. क्लच कव्हरचे बोल्ट आमनेसामने, थोडे थोडे आवळ. मग 500 ते 800 किलोमीटर शहरात, सारखे गिअर बदलत चालव. नुसतं हायवेवर पळवलंस तर क्लच दाबलाच जात नाही, प्लेट बसत नाही. तोवर रिमॅप कंपनीच्या सेटिंगवर ठेव.