चिखलदऱ्यात व्हॅक्यूमचा काटा २६ वरच का थांबतो?

प्रश्न (मेकॅनिक, परतवाडा):
नमस्कार. मी मेळघाट परिसरातील दूध संकलन केंद्रांचे बल्क कूलर दुरुस्त करतो. परतवाड्याला व्हॅक्यूम पंप लावला की कंपाउंड गेजचा (दाब आणि निर्वात दोन्ही दाखवणाऱ्या मापकाचा) काटा पाऱ्याच्या साडेअठ्ठावीस इंचांपर्यंत जातो. तोच पंप आणि तेच होज चिखलदऱ्याला नेले, तर काटा २६ च्या पुढे सरकत नाही. पंपाचे तेल बदलले, फ्लेअर नट पुन्हा कसले, तरी फरक पडला नाही. पंप कमजोर झाला असावा का? आणि पावसाळ्यात कूलरच्या नळ्यांत शिरलेला ओलावा पूर्ण निघाला, हे या गेजवर कसे ओळखावे?

उत्तर १ (पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक, दर्यापूर):
भाऊ, पंपाला दोष देऊ नका. कंपाउंड गेजमधील वाकवलेली बूर्दाँ नळी आतल्या दाबाची तुलना बाहेरच्या हवेशी करते, आणि चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथील हवेचाच दाब पाऱ्याच्या जेमतेम २६ इंचांइतका असतो. आत संपूर्ण निर्वात झाले तरी काटा त्यापुढे जाणार कोठून?

दुसरी अडचण मोठी आहे. पाऱ्याचा एक इंच म्हणजे २५,४०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि ओलावा निघाल्याची खात्री करण्यासाठी आतला दाब साधारण ५०० मायक्रॉनपर्यंत उतरावे लागते, म्हणजे काट्याच्या जाडीतच सगळा हिशेब दडतो. तेथे पिरानीच्या तत्त्वावरचा गेज हवा. मार्चेल्लो पिरानी यांनी १९०६ मध्ये मांडलेल्या या उपकरणात तापवलेली तार असते. वायू विरळ झाला की तारेची उष्णता कमी वाहून जाते आणि त्यावरून दाब कळतो. प्रयोगशाळेतला १८७४ चा मॅक्लाउड गेज आपल्या कामाचा नाही, कारण त्यात वायू दाबून मोजतात आणि पाण्याची वाफ दाबली की तिचे पाणी होते. जे शोधायचे तेच निसटते.

उत्तर २ (शीतगृह तंत्रज्ञ, वरूड):
सरांशी सहमत. मायक्रॉन गेज, म्हणजे सरांनी सांगितलेला पिरानीच्या तत्त्वावरचा गेज, पंपाजवळ न लावता कूलरच्या सर्व्हिस व्हॉल्व्हवर, शक्यतो उभा लावा, नाहीतर सेन्सरमध्ये तेल उतरते. ५०० च्या खाली गेल्यावर पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करून थांबा. आकडा थोडा चढून स्थिरावला तर ओलावा शिल्लक आहे. चढतच राहिला तर गळती शोधा. पीओई तेलात (कॉम्प्रेसरच्या कृत्रिम तेलात) मुरलेले पाणी मात्र पंपाने सहजी निघत नाही, त्यामुळे ड्रायर (ओलावा शोषणारा फिल्टर) बदलाच.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आत जुना गॅस उरला असेल, तर आकडा चुकेल का?

उत्तर १:
होय, कारण प्रत्येक वायू उष्णता वेगळ्या प्रमाणात वाहून नेतो, आणि हे गेज सहसा हवा किंवा नायट्रोजनवर जुळवलेले असतात. आधी कोरडा नायट्रोजन फिरवून घ्या, मग मोजा.