बेसूर, कर्कश की खरखरीत? एकट्या चेलोच्या आधुनिक रचना आणि आपले शब्द

विचारणा

हेल्मुट लाखेनमान या जर्मन संगीतकाराची 'प्रेसियों' ही एकट्या चेलोसाठी (व्हायोलिनसारखं, पण मोठं आणि खालच्या आवाजाचं गजाने वाजवायचं वाद्य) लिहिलेली रचना (१९६९-७०) काही जाणत्या मंडळींना ऐकवली. प्रतिक्रिया अशा आल्या: 'बेसूर आहे', 'फारच कर्कश', 'नुसती घासाघीस', 'सुतारकाम चाललंय का?', 'अंगावर आलं', आणि सगळ्यांत जास्त वेळा 'काही कळलं नाही'.

माझा प्रश्न आवडीनिवडीचा नाही, शब्दांचा आहे. यातले कोणते शब्द त्या आवाजाबद्दल काही सांगतात आणि कोणते फक्त ऐकणाऱ्याची नाराजी पोचवतात? ज्यांनी रचना ऐकली नसेल त्यांच्यासाठी: गज तारेवर दाबून रेटला जातो, बोटं तारेवर नुसती घासत जातात, गज घोडीवरून (तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा) फिरतो, वाद्याच्या लाकडालाही लागतो. नेहमीचा भरलेला सूर फार थोडा वेळ कानी पडतो. अशा संगीतावर मराठीत लिहायचं झालं तर 'बेसूर' चालेल का?

प्रतिसाद

'बेसूर' नको. बेसूर व्हायला आधी सूर ठरलेला असावा लागतो. गायकाला गंधार लावायचा होता आणि तो लागला नाही, म्हणजे तो बेसूर झाला. अगदी थोडक्यात हुकला तर आपण 'कणसूर' म्हणतो, आणि तो ओळखायला जास्त तयार कान लागतो. म्हणजे हे दोन्ही शब्द अंतर मोजणारे आहेत: हव्या असलेल्या सुरापासून किती लांब? लाखेनमानच्या लिपीत बराच वेळ हवा असलेला सूरच नाही. पारंपरिक स्वरलिपी काय ऐकू यावं ते लिहिते, ही लिपी हातांनी काय करायचं ते लिहिते. गज कुठे ठेवायचा, किती दाबायचा, कुठल्या दिशेने ओढायचा. ते नीट केलं नाही तर वादन वाईट होईल, निष्काळजी होईल, पण बेसूर कसं होणार?

उलट हंगेरियन संगीतकार कोदाय यांचा एकट्या चेलोसाठीचा सोनाटा घ्या (१९१५). त्यात खालच्या दोन तारा नेहमीपेक्षा अर्ध्या स्वराने उतरवून लावायच्या असतात. कान बिचकतो, वाद्य अनोळखी वाटतं, पण तिथे प्रत्येक स्वराची जागा पक्की आहे. तिथे 'बेसूर' हा शब्द वापरता येतो, वाजवणाऱ्याला लागूही पडू शकतो. दोन्ही रचना 'आधुनिक', दोन्हींना श्रोते एकाच दमात बेसूर म्हणतात, आणि शब्द एकीलाच लागू आहे.

प्रतिसाद

मग 'बिनसुराचं' म्हणा. बेसूर म्हटलं की दोष आला, बिनसुराचं म्हटलं की नुसतं वर्णन.

प्रतिसाद

'कर्कश'बद्दल लिहितो, कारण तो शब्द आपण फार ढिलाईने वापरतो. संस्कृतात 'कर्कश' मुळात स्पर्शाचा शब्द आहे: कठीण, खडबडीत, हाताला टोचणारं. तिथून तो कानाकडे आला. आजच्या मराठीत मात्र त्यातला खडबडीतपणा मागे पडून उंच पट्टी आणि मोठा आवाज उरला आहे. भोंगा कर्कश, शिट्टी कर्कश. खर्जातला खडबडीत आवाज आपण सहसा कर्कश म्हणत नाही. त्याला घोगरा म्हणतो, मोठा असेल तर भसाडा म्हणतो. चेलोची सर्वांत खालची तार गजाने दाबून रेटली की जो आवाज येतो तो घोगऱ्याच्या जातीचा आहे. वरच्या तारेवर घोडीजवळ तेच केलं तर कर्कश म्हणायला माझी हरकत नाही, किंवा 'चिरका'. 'किनरा' मात्र नको, तो बारीक आवाजाचा शब्द आहे, त्यात खडबडीतपणा नाही.

म्हणजे 'रचना कर्कश आहे' या वाक्याने मला काहीच कळत नाही. कुठली तार, कुठली जागा, ते सांगा, मग शब्द ठरवू.

'घासाघीस' या प्रतिक्रियेवर मात्र मी खूश आहे. मराठीत तिचा रूढ अर्थ भावावरून ओढाताण असा आहे, आणि गज व तार यांच्यात जे चालतं तेही एका परीने तेच. म्हणणाऱ्याने टोमणा मारला असेल, पण नेम बरोबर लागला.

प्रतिसाद

नेम खरंच बरोबर आहे, आणि त्यामागे पदार्थविज्ञान आहे. गजाच्या केसांना राळ लावलेली असते. केस तारेला पकडून थोडं बाजूला ओढतात, ताण वाढला की तार निसटते, परत पकडली जाते. खालच्या मोकळ्या तारेवर हे पकडणं-सोडणं सेकंदाला सुमारे ६५ वेळा होतं आणि ते अगदी नियमित असेल तर आपल्याला स्वच्छ सूर ऐकू येतो. तारेची ही चाल जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात समजावून सांगितली.

आता दाब वाढवत न्या. एका मर्यादेपलीकडे तार वेळेवर सुटत नाही, निसटण्याची वेळ बिघडते आणि सूर मोडून खरखर उरते. दाब फार कमी केला तर तार एकाच आवर्तनात अनेकदा निसटते आणि आवाज पोकळ, वाऱ्यासारखा होतो. या दोन मर्यादांच्या मधला पट्टा किती रुंद, हे गज घोडीपासून किती अंतरावर आहे त्यावर ठरतं. घोडीजवळ तो अरुंद असतो आणि दाबही जास्त लागतो. जॉन शेलेंग या संशोधकाने १९७३ साली हे आलेखात मांडलं. नवशिक्याची सगळी धडपड त्या पट्ट्यात राहण्याची असते. लाखेनमान वादकाला मुद्दाम पट्ट्याबाहेर पाठवतात, आणि तिथेही ताबा मागतात. रचनेच्या फ्रेंच नावाचा अर्थच 'दाब' आहे.

शब्दांकडे येतो. या प्रदेशासाठी मराठीकडे जेवढा साठा आहे तेवढा मला दुसऱ्या कुठल्याही विषयात दिसत नाही: नादानुकारी शब्द. खरखर, घरघर, करकर, कुरकुर, चरचर, सरसर, सळसळ, फडफड. हे समानार्थी नाहीत. करकरीत वेगवेगळे टोचे ऐकू येतात, घरघर सलग आणि खालची असते, चरचरीत काहीतरी फाटल्याचा भास आहे, सळसळ हलकी आणि कोरडी. दाब हळूहळू वाढवत नेला की सरसर, मग खरखर, मग करकर अशी पायरी लागते, कारण टोचे विरळ होत होत सुटे ऐकू यायला लागतात. हे एका वाक्यात लिहिता आलं तर वाचणाऱ्याला रचना न ऐकताही अर्धी कळेल.

आणखी एक. तार इतक्या जोरात ओढून सोडायची की ती बोटांखालच्या लाकडी पट्टीवर आपटावी, हा प्रकार विसाव्या शतकातल्या रचनांत सर्रास येतो, संगीतकार बार्टोकच्या नावाने ओळखला जातो. त्याला 'टणत्कार' हा धनुष्याच्या दोरीचा शब्द सुचतो. पण टणत्कारात आधीपासून घुमणं आहे, इथे आधी लाकडावरचा फटका आणि मागून घुमणं. तरी 'छेडणे'पेक्षा तो शंभरपट बरा. छेडणं फार नाजूक आहे.

प्रतिसाद

यादी छान आहे, पण एक अडचण सांगते. 'खरखर' म्हटलं की मराठी माणसाला बिघाड आठवतो: रेडिओ लागत नाही, घसा बसला आहे. 'घरघर' लागली म्हणजे तर शेवट आला. म्हणजे तुम्ही निर्दोष वर्णन म्हणून जे शब्द देताय, त्यांच्यातही तक्रार भरलेलीच आहे.

आणि गंमत अशी की आपल्याच संगीतात मुद्दाम आणलेला गुंजणारा आवाज आहे. तानपुऱ्याची जवारी लावताना तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवत सरकवत नेमका तो झणकार शोधतात. तार घोडीला पुन्हापुन्हा निसटती लागते म्हणून तो येतो. त्याला कुणी खरखर म्हणत नाही, 'जवारी खुलली' म्हणतात. तेव्हा आवाजाला प्रतिष्ठा मिळाली की त्याला स्वतःचा शब्द मिळतो. चेलोच्या या आवाजांना अजून तो मिळालेला नाही, एवढंच.

प्रतिसाद

जवारीचं उदाहरण इथे पूर्ण बसत नाही. जवारीने सूर मोडत नाही, उलट त्याच्या वरच्या पोटस्वरांना, म्हणजे मूळ सुरासोबत आपोआप वाजणाऱ्या वरच्या स्वरांना, धार येते. तानपुऱ्यात न छेडलेला गंधार ऐकू येतो तो 'स्वयंभू' गंधार याच पोटस्वरांतला. चेलोवर बोट तारेला नुसतं टेकवून जे शिट्टीसारखे सूर काढतात त्यांना 'स्वयंभू स्वर' म्हणता येईल, तिथे आपला शब्द तयार आहे. फिनलंडच्या संगीतकार काइया सारिआहो यांची 'सेत पापियों' (२०००), म्हणजे 'सात फुलपाखरं', अशा स्वरांनी आणि थरथरत्या गजाने भरलेली आहे. ती ऐकवून बघा, 'बेसूर' कुणी म्हणणार नाही. 'फडफड', 'थरथर' म्हणतील. त्यातही सूर बऱ्याचदा अर्धवटच असतो, पण आवाज हलका आहे म्हणून श्रोता माफ करतो. म्हणजे 'बेसूर' म्हणताना पुष्कळ लोकांना 'जड आणि जोरात' एवढंच म्हणायचं असतं, अशी माझी शंका आहे.

ग्रीक-फ्रेंच संगीतकार क्सेनाकिसची 'कोट्टोस' (१९७७) हे त्याच्या अगदी उलटं टोक. नाव ग्रीक पुराणातल्या शंभर हातांच्या राक्षसाचं, आणि सुरुवातीलाच घोडीवर गज घासून निघणारा गोंगाट मागितलेला. त्याला खुशाल भसाडा म्हणा. संगीतकाराला राग येणार नाही.

प्रतिसाद

'अंगावर आलं' हा शब्दप्रयोग मला या सगळ्यात सर्वांत प्रामाणिक वाटतो. तो आवाजाला नावं ठेवत नाही, माझ्या अंगाचं काय झालं ते सांगतो. त्याच्या शेजारचे दोन मात्र वेगळे ठेवायला हवेत. 'अंगावर काटा आला' हे आता जवळपास कौतुकाचं झालं आहे, राष्ट्रगीतालाही येतो. 'शिरशिरी आली' यात नकोसेपणा शिल्लक आहे, आणि तो दातांत, मानेत जाणवणारा आहे. फळ्यावर नख ओढल्यावर येते ती शिरशिरी, काटा नव्हे.

या शिरशिरीवर १९८६ साली तीन अमेरिकी संशोधकांनी प्रयोग केला होता. पाटीवर बागेतलं खुरपं ओढल्याचा आवाज घेऊन त्यातल्या सर्वांत उंच कंप्रता (सेकंदाला होणारी कंपनं) गाळून टाकल्या, तरी तो लोकांना तितकाच नकोसा वाटत राहिला. त्रास मधल्या कंप्रतांचा होता. पुढे २००६ साली या कामाला इग्नोबेल, म्हणजे गमतीशीर वाटणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक, मिळालं. चेलोसारख्या खालच्या पट्टीच्या वाद्यानेही शिरशिरी का यावी, याचं थोडं उत्तर यात आहे. दाबलेल्या गजाच्या आवाजात मधल्या कंप्रता भरपूर असतात.

प्रतिसाद

'काही कळलं नाही' कुणीच घेतलं नाही. मी घेतो. भूप राग ऐकून कुणी 'कळला' म्हणत नाही, 'आवडला', 'रंगला', 'भिडला' म्हणतात. मग इथेच कळण्याची अट कुठून आली? माझ्या मते 'कळलं नाही' म्हणजे 'पुढे काय येणार ते ओळखता आलं नाही'. सम कुठे, मुखडा कुठे, शेवट आला की नाही. टाळ्या कधी वाजवायच्या हेही न कळणं त्यातच आलं.

आणि हे अनोळखीपण कायमचं नसतं. संगीतकार लिगेती यांचा एकट्या चेलोसाठीचा दोन भागांचा सोनाटा (१९४८ आणि १९५३) हंगेरीत तेव्हाच्या संगीतकार संघाने फेटाळला. रेडिओसाठी ध्वनिमुद्रण झालं, ते वाजवू दिलं नाही. आज तो ऐकणाऱ्याला पहिला भाग चक्क गोड वाटतो, आणि दुसरा वादक लोक कसब दाखवायला घेतात. सूर तेच आहेत. त्यामुळे 'कळलं नाही' यापुढे 'अजून' लावावं, असं नम्रपणे सुचवतो. 'दुर्बोध' हा शब्द मात्र परीक्षणातून हद्दपार करावा. तो लिहिणाऱ्याला ऐकण्यातून सुटका देतो.

विचारणा करणाऱ्याकडून

सगळ्यांचे आभार. सध्या असं लिहिलं आहे, कुठे खटकलं तर सांगा:

'सुरुवातीला बोटांची सरसर ऐकू येते न येते इतकी. मग गज तारेवर रुततो, सरसरीची खरखर होते, खरखर सुटी होत करकरीपर्यंत जाते. भरलेला सूर येतो तेव्हा तोच उपरा वाटतो. ऐकताना शिरशिरी येते, ती लपवण्यात अर्थ नाही.'

'बेसूर' काढला. 'कर्कश' एकदाच ठेवला आहे, घोडीजवळच्या वरच्या तारेसाठी. 'खरखर'मध्ये तक्रार आहे हे मान्य, पण तो काढून त्याजागी नवा संस्कृत शब्द घडवला तर वाचणाऱ्याच्या कानात काहीच वाजणार नाही. तक्रारीसकट ठेवतो.

प्रतिसाद

'रुततो' उत्तम. 'उपरा' थोडा जड होतोय, 'परका' चालेल.

प्रतिसाद

विषय निघालाच आहे तर: 'सेलो' लिहू नका, 'चेलो' लिहा, उच्चार इटालियन आहे. मूळ शब्द 'व्हिओलोन्चेलो', म्हणजे लहान व्हिओलोने (खालच्या आवाजाचं एक जुनं मोठं गजवाद्य). त्यातला 'चेलो' हा नुसता लहानपणा दाखवणारा शेवट आहे, आणि आपण सगळे त्या शेपटालाच वाद्याचं नाव म्हणून मिरवतो. लिंग पुल्लिंगी: तो चेलो, अनेकवचनातही चेलोच. 'चेलोवर', 'चेलोचा' असं सरळ चालतं. 'चेल्यावर' लिहिलंत तर वाचणारा शिष्याची काळजी करत बसेल.